गोष्टीच्या पोटातला धडा

मुलांच्या शैक्षणिक कॉम्प्युटर खेळांत एक गोष्ट हमखास असते. ती गोष्ट काही शिकवते की मुलाला नुसती भुलवते, हे पालकांनी ओळखायचे कसे?

राजा विक्रम प्रेत खांद्यावर टाकून स्मशानातून निघतो आणि त्या प्रेतात लपलेला वेताळ गोष्ट सांगू लागतो. गोष्ट येऊन थांबते ती एका प्रश्नापाशी. उत्तर ठाऊक असूनही राजा गप्प बसला, तर त्याच्या डोक्याची शकले होणार. बोलला, तर मौन मोडले म्हणून वेताळ पुन्हा झाडावर जाऊन लटकणार. 'चांदोबा' वाचत वाढलेल्या पिढीला ही युक्ती नवी नाही. न्याय म्हणजे काय, कर्तव्य म्हणजे काय, असे जड विषय वेताळाने कधी फळ्यावर लिहून शिकवले नाहीत. त्याने आधी गोष्टीत गुंतवले आणि मग नेमक्या जागी प्रश्न टाकला.

कॉम्प्युटर आल्यावर या जुन्या युक्तीत एक मोठा फरक पडला. 'चांदोबा'त उत्तर राजा देत असे आणि मूल ते वाचत असे. कॉम्प्युटरच्या खेळात राजाच्या जागी मूल स्वतः उभे असते. त्याने निर्णय घेतल्याशिवाय गोष्ट पुढे सरकतच नाही.

मुलांच्या शैक्षणिक साहसखेळांतून गोष्ट सांगण्याचे काही संकेत रुजले ते यातूनच. आरंभी काहीतरी हरवलेले असते, चोरीला गेलेले असते किंवा कोणीतरी संकटात असते. ते सोडवण्याची कामगिरी मुलावर येते. सोबतीला एखादा मित्र किंवा बोलका प्राणी असतो. वाटेत बंद दारे लागतात आणि प्रत्येक दारावर एक कोडे असते. खलनायक असतो, पण त्याची भीती कमी आणि गंमत जास्त वाटते. शेवटी हरवलेले सापडते आणि मुलाची पाठ थोपटली जाते.

वरवर पाहता हे सगळे खेळ सारखेच दिसतात. परंतु त्यांच्यात एक मूलभूत फरक आहे. काही खेळांत ज्ञान ही प्रवासाची वाट असते. काहींत ज्ञान हा टोलनाका असतो. पैसे भरा आणि पुढे जा, तसे उत्तर द्या आणि खेळायला लागा! नाक्यावर थांबणे कोणालाच आवडत नाही. अशा खेळातून मूल गणिताची चार उत्तरे कदाचित शिकेल, पण त्याबरोबर आणखी एक गोष्ट नकळत शिकेल: अभ्यास म्हणजे मजेच्या आड येणारी कटकट. म्हणून गोष्ट कशी रचली आहे, हा प्रश्न केवळ करमणुकीचा उरत नाही.

बैलगाडीतला इतिहास

या खेळांचा आद्यपुरुष म्हणावा असा 'द ओरेगॉन ट्रेल' हा खेळ अमेरिकेतील मिनियापोलिस शहरात १९७१ साली जन्माला आला. डॉन रॉविच हा तरुण शिक्षक होण्याचे प्रशिक्षण घेत होता. आठवीच्या मुलांना त्याला एकोणिसाव्या शतकातील स्थलांतराचा धडा शिकवायचा होता. अमेरिकेच्या मध्यभागातील मिसुरीहून हजारो कुटुंबे बैल जुंपलेल्या गाड्यांतून सुमारे २,००० मैल, म्हणजे ३,२०० किलोमीटर, पश्चिमेकडील ओरेगॉनला गेली, तो हा इतिहास. रॉविचच्या खोलीत राहणारे बिल हाइनमन आणि पॉल डिलेनबर्गर हे दोघे गणित शिकवण्याचे प्रशिक्षण घेत होते आणि त्यांना प्रोग्राम लिहिता येत होता. तिघांनी मिळून दोनएक आठवड्यांत खेळ तयार केला.

त्या काळी शाळेत पडदा असलेला कॉम्प्युटर नव्हता. टेलिफोनच्या तारेने दूरच्या मोठ्या कॉम्प्युटरला जोडलेले, टाइपरायटरसारखे एक यंत्र होते. प्रश्न कागदावर छापून येई आणि मुले उत्तर टाइप करत. चित्र नाही, आवाज नाही, संगीत नाही. तरीही मुले त्या यंत्राभोवती गर्दी करत.

असे काय होते त्यात? रॉविचने मुलांना सनावळ्या विचारल्या नाहीत. त्याने त्यांच्या हातात थोडे पैसे दिले आणि विचारले: बैलांवर किती खर्च करणार? धान्यावर किती? कपड्यांवर, काडतुसांवर किती? चूक झाली तर शिक्षक ओरडत नसे. डोंगरात थंडी गाठे आणि कपडे कमी पडत. आपण काय विसरलो, हे मुलाला तिथे कळे.

पुढे १९७४ मध्ये रॉविच मिनेसोटा राज्याच्या शैक्षणिक संगणक संस्थेत नोकरीला लागला. कागदावर छापून ठेवलेला प्रोग्राम त्याने पुन्हा टाइप केला. त्या वाटेने खरोखर गेलेल्या प्रवाशांच्या रोजनिशा वाचल्या आणि आजारपण, वादळ, वाट चुकणे यांसारख्या घटना खेळात किती वेळा घडाव्यात, हे त्यांवरून ठरवले. ज्या खेळाची आठवण आज चाळिशी-पन्नाशीतले अमेरिकन काढतात, ती १९८५ ची रंगीत आवृत्ती आर. फिलिप बुशार्ड यांच्या नेतृत्वाखाली झाली.

तिची सुरुवातच पाहण्यासारखी आहे. मुलाला आधी विचारले जाते: तू बँकवाला, सुतार की शेतकरी? बँकवाल्याजवळ १,६०० डॉलर असतात, सुताराजवळ ८०० आणि शेतकऱ्याजवळ फक्त ४००. सगळे बँकवालाच होतील, असे वाटेल. परंतु शेतकऱ्याला शेवटी तिप्पट गुण मिळतात आणि सुताराला दुप्पट. गरिबाने तीच वाट पार केली, तर त्याचे कर्तृत्व मोठे, हे कोणतेही प्रवचन न देता गुणांच्या हिशेबातच सांगून टाकले आहे.

मग निघायचा महिना ठरवायचा. फार लवकर निघाले, तर बैलांना गवत उगवलेले नसते. फार उशिरा निघाले, तर डोंगरात बर्फ गाठते. वाटेत नदी आडवी आली की तिची खोली बघून गाडी पाण्यात घालायची, तरंगवत न्यायची की पैसे भरून तराफ्याने जायचे, हे ठरवायचे. शिकारीत मुले मोठ्या उत्साहाने रानगवे मारत. पण गाडीपर्यंत फक्त शंभर पौंड, म्हणजे सुमारे ४५ किलो मांस नेता येई. उरलेले तिथेच टाकून द्यावे लागे. नासाडी म्हणजे काय, याचा याहून स्पष्ट धडा कोणत्या पुस्तकात सापडेल?

आणखी एक संकेत या खेळाने पक्का केला. गाडीतल्या माणसांना मुलाने स्वतः नावे द्यायची. साहजिकच मुले भावाचे, बहिणीचे, मित्राचे नाव देत. थोड्या वेळाने पडद्यावर ओळ उमटे की अमुक जण हगवणीने दगावला. मुले हसत, हळहळत, थडग्यावर चार शब्द लिहीत. पण त्या काळी स्वच्छ पाणी नसल्याने प्रवासात माणसे मरत, ही गोष्ट पुढे ती विसरली नाहीत.

चोर पुढे, पुस्तक हाती

ब्रॉडरबंड कंपनीने १९८५ सालीच 'व्हेअर इन द वर्ल्ड इज कारमेन सॅन्डिएगो?' हा खेळ बाजारात आणला. इथे गोष्ट गुप्तहेराची आहे. चोरांची टोळी जगातील मौल्यवान वस्तू पळवते. मूल हे हेरसंस्थेतले नवे भरती झालेले गुप्तहेर असते. चोर या शहरातून त्या शहरात पळतो आणि मागे साक्षीदार ठेवून जातो. एक सांगतो, त्याने पैसे बदलून अमुक चलन घेतले. दुसरा सांगतो, तो अमुक रंगांचा झेंडा लावलेल्या विमानातून गेला. आता ते चलन कोणत्या देशाचे, तो झेंडा कुणाचा?

याचे उत्तर खेळात सांगितलेले नसे. खेळाच्या खोक्यात फ्लॉपीबरोबर एक जाडजूड पुस्तक दिलेले असे. जगातील देशांची माहिती देणारे ते वार्षिक, 'वर्ल्ड अल्मनॅक'. एरवी मुले ज्या पुस्तकाला हातही लावणार नाहीत, ते इथे चोर पकडण्याचे हत्यार झाले. चुकीच्या शहरात गेले की वेळ वाया जाई, आणि वेळ तर मोजकाच. शिवाय चोराचे केस, छंद, वाहन यांवरून तो कोण हे ओळखून आधी अटक वॉरंट काढावे लागे. वॉरंट नसेल तर समोर उभा असलेला चोरही निसटे. पुराव्याशिवाय कोणाला पकडता येत नाही, हा नागरिकशास्त्राचा धडा भूगोलाच्या जोडीला फुकट मिळे.

कारमेन या खलनायिकेचे पात्रही अभ्यासण्यासारखे आहे. लाल कोट, डोक्यावर टोपी, रुबाबदार आणि हुशार. ती कोणाचा जीव घेत नाही. अशक्य वाटणारी चोरी करून दाखवणे हाच तिचा शौक. बालसाहित्यातला खलनायक किती भीतिदायक असावा, हा लेखकांपुढचा नेहमीचा पेच. कारमेनच्या निर्मात्यांनी तो असा सोडवला की मुलाला तिची भीती न वाटता तिच्यावर बुद्धीने मात करावीशी वाटावी. त्यामुळेच १९९१ ते १९९५ या काळात अमेरिकेच्या सार्वजनिक दूरदर्शनवर तिच्या नावाची प्रश्नमंजूषा चालली, २०१९ ते २०२१ मध्ये नेटफ्लिक्सवर कार्टून मालिका आली आणि २०२५ मध्ये नवा खेळही निघाला.

चुकले तरी हरकत नाही

मोठ्यांच्या साहसखेळांत त्या काळी नायक पावलोपावली मरत असे. चुकीचे दार उघडले की मृत्यू, की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. लहान मुलाला हे कसे परवडणार? चुकीची भीती बसली की ते काही करून पाहायचेच थांबते.

रॉन गिल्बर्ट या अमेरिकन खेळकाराने १९८९ मध्येच एका लेखात या प्रथेवर टीका केली होती. पुढे काय आहे हे कळण्यासाठी खेळणाऱ्याला मरावे लागू नये, असे त्याचे म्हणणे. शेली डे हिच्याबरोबर त्याने १९९२ मध्ये ह्यूमंगस एन्टरटेनमेंट ही कंपनी काढली आणि लहानग्यांसाठी खेळ केले. पुट-पुट नावाची जांभळी मोटार, फ्रेडी नावाची मासोळी आणि पजामा सॅम नावाचा मुलगा हे त्यांचे नायक. वाचता न येणाऱ्या मुलालाही खेळता यावे म्हणून सारे संवाद बोलून दाखवलेले. माऊसने कुठेही टिचकी मारा, काहीतरी गंमत घडते. चुकले म्हणून कोणी मरत नाही की रागावत नाही. फक्त दार उघडत नाही, एवढेच.

यातील 'पजामा सॅम'चा १९९६ चा पहिला खेळ घराघरातल्या एका अडचणीवर आहे. सॅमला अंधाराची भीती वाटते. तो आपल्या आवडत्या चित्रकथेतल्या वीरासारखा मुखवटा, टॉर्च आणि खाऊचा डबा घेऊन अंधाराला पकडायला कपाटात शिरतो आणि एका अद्भुत देशात जाऊन पडतो. वाटेत त्याला एक होडी भेटते. ती बोलते, पण पाण्यात उतरायला तयार नाही. आपण बुडू, असे तिला वाटते! मग सॅम लाकडाची फळी आणून पाण्यात टाकतो. फळी तरंगते. लाकूड तरंगते आणि होडीही लाकडाची, हे पटल्यावर ती पाण्यात उतरते.

या एका प्रसंगात विज्ञानाचा प्रयोग आहे, दुसऱ्याची भीती समजून घेणे आहे आणि ती पुराव्याने घालवणेही आहे. हा सगळा धडा होडीच्या गोष्टीत इतका मिसळला आहे की वेगळा काढता येत नाही. शेवटी अंधार भेटतो, तेव्हा कळते की सगळे त्याला घाबरतात म्हणून तोच बिचारा एकटा पडला आहे.

ह्यूमंगसच्या बऱ्याच खेळांत आणखी एक युक्ती होती. प्रत्येक नव्या डावात हव्या असलेल्या वस्तू वेगळ्या जागी लपवलेल्या असत, त्यामुळे वाटही बदले. तीच गोष्ट पुन्हा पुन्हा ऐकण्याची लहान मुलांची हौस आई-आजींना चांगली ठाऊक असते. इथे गोष्ट तीच राही, तरी पाठ केलेले उत्तर चालत नसे.

ब्रिटनमध्ये याआधीच, १९८३ मध्ये, माइक मॅटसन यांचा 'ग्रॅनीज गार्डन' हा खेळ शाळाशाळांत पोहोचला होता. दुष्ट चेटकिणीने पळवलेल्या राजाराणीच्या मुलांना सोडवायचे, अशी त्याची परीकथा. हा खेळ बीबीसी मायक्रो या कॉम्प्युटरवर चाले. त्याच जातीचे कॉम्प्युटर १९८४ मध्ये सुरू झालेल्या 'क्लास' या सरकारी योजनेतून भारतातील निवडक शाळांत आले होते. वर्गात कॉम्प्युटर एक आणि मुले अनेक, अशी स्थिती ब्रिटनमध्येही होती. त्यामुळे आता काय करायचे, यावर मुले आपसात वाद घालत आणि कळ एकच जण दाबी. आज प्रत्येक मूल आपापल्या पडद्यात डोके घालून बसलेले दिसते, तेव्हा त्या अडचणीतला हा फायदा आठवावा असा आहे.

सोळा जणांची दिंडी

गोष्ट आणि धडा एकजीव होण्याचे आणखी एक उत्तम उदाहरण म्हणजे १९९६ चा 'लॉजिकल जर्नी ऑफ द झूम्बिनीज'. अमेरिकेतील 'टर्क' या शिक्षण-संशोधन संस्थेतील ख्रिस हॅनकॉक आणि स्कॉट ऑस्टरवाइल यांनी तो रचला. झूम्बिनी हे निळे, इवलेसे प्राणी. लबाड व्यापाऱ्यांनी त्यांचे बेट बळकावले आणि त्यांना राबवून घेतले, म्हणून ते नव्या देशाच्या शोधात निघाले आहेत.

प्रत्येक झूम्बिनीचे केस, डोळे, नाक आणि पाय वेगळे. प्रत्येकाचे पाच-पाच प्रकार, म्हणजे ५ गुणिले ५ गुणिले ५ गुणिले ५, एकूण ६२५ तऱ्हा. मुलाने एका वेळी सोळा जणांची तुकडी घेऊन निघायचे. पहिल्याच टप्प्यात दोन कडे आहेत आणि त्यांना चक्क ॲलर्जी आहे! एका कड्याला काही झूम्बिनी चालतात, दुसऱ्याला उरलेले. नको असलेला पुलावर आला की कडा शिंकतो आणि त्याला परत उडवून लावतो. कड्याला नेमके काय खटकते? लाल नाक? चष्मा? मुलाने अंदाज बांधायचा, एकेकाला पाठवून पाहायचा, चुकला तर बदलायचा. ठरावीक शिंका झाल्या की पूल कोसळतो.

वर्गीकरण, अनुमान, पडताळा ही तर्कशास्त्राची आणि पुढे कॉम्प्युटरशास्त्राची पायाभरणी. पण खेळात यातला एकही शब्द उच्चारलेला नाही. जे मागे राहतात ते मरत नाहीत. ते तळावर थांबतात आणि त्यांना न्यायला पुन्हा यावे लागते. राहिलेल्यांसाठी मुलांचा जीव तुटतो आणि तीच कोडी, अधिक अवघड होत गेलेली, ती आपणहून पुन्हा सोडवतात. सराव करून घेण्याची याहून सौम्य रीत कोणती?

गुळातली कडू गोळी

आता नाण्याची दुसरी बाजू. बाजारात आलेले सगळेच खेळ असे नव्हते. १९८३ मध्ये आलेला 'मॅथ ब्लास्टर' फार लोकप्रिय झाला. त्यात गणिते येत आणि बरोबर उत्तरावर नेम धरायचा. पुढे १९९० च्या दशकातील आवृत्तीत त्याला अवकाशवीराची गोष्ट जोडली गेली: पळवून नेलेल्या स्पॉट नावाच्या मित्राची सुटका. पण बेरीज-वजाबाकीचा त्या मित्राशी संबंध काय? अवकाशयानाच्या जागी घोडागाडी आणि मित्राच्या जागी राजकन्या आणली, तरी गणिते तीच राहिली असती. पाढे पक्के करायला असा सराव उपयोगी पडतो, हे मान्य. मात्र त्याला गोष्टीतून शिकणे म्हणता येणार नाही. कडू गोळी गुळात लपवून देण्याचा हा प्रकार. मुले हुशार असतात. गूळ चघळतात आणि गोळी थुंकून टाकतात.

एमी ब्रकमन या अमेरिकन संशोधिकेने १९९९ मध्ये अशा खेळांना चॉकलेटमध्ये बुडवलेल्या ब्रोकोलीची उपमा दिली. ब्रोकोली ही फ्लॉवरसारखी हिरवी भाजी. चॉकलेट लावल्याने ना भाजी चांगली लागते, ना चॉकलेट.

त्याच्या बरेच आधी, १९८० च्या सुमारास, थॉमस मलोन यांनी मुलांना कॉम्प्युटरचे खेळ का आवडतात याचा अभ्यास केला होता. आव्हान, कुतूहल आणि कल्पनाविश्व ही तीन कारणे त्यांनी सांगितली. कल्पनाविश्वाचे त्यांनी दोन प्रकार पाडले: विषयाला बाहेरून चिकटवलेले आणि विषयाच्या आतूनच उगवलेले. दुसऱ्याचे उदाहरण म्हणजे 'डार्ट्स' हा अपूर्णांकांचा खेळ. पडद्यावर संख्यारेषा आणि तिच्यावर फुगे. फुगा कोणत्या संख्येवर आहे याचा अंदाज मुलाने द्यायचा. बाण त्या संख्येवर जाऊन बसतो. अंदाज चुकला तर किती चुकला, थोडा की फार, हे डोळ्यांना दिसते. 'चूक' असा शिक्का मारावा लागत नाही. गंमत म्हणजे, बाणाने फुगा फोडण्याची कल्पना मुलग्यांना आवडली आणि मुलींना तितकीशी रुचली नाही, असेही त्यांना आढळले. एकच गोष्ट सगळ्या मुलांना भावेल, असे गृहीत धरून चालत नाही.

इंग्लंडमधील जेकब हॅबगुड आणि शॅरन एन्सवर्थ यांनी २०११ मध्ये याविषयीचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. प्राथमिक शाळेतल्या मुलांसाठी त्यांनी भागाकाराचा एक साहसखेळ केला. सांगाड्यांच्या छातीवर संख्या लिहिलेली आणि त्या संख्येला नि:शेष भाग जाईल असे शस्त्र निवडूनच सांगाडा हरवायचा. दुसऱ्या आवृत्तीत लढाई तशीच, पण गणिते प्रत्येक टप्प्याच्या शेवटी वेगळी विचारली जात. सारखाच वेळ खेळूनही पहिल्या आवृत्तीची मुले अधिक शिकली. मोकळ्या वेळात हवा तो खेळ निवडण्याची मुभा दिली, तेव्हा मुलांनी पहिल्या आवृत्तीला सातपटीहून अधिक वेळ दिला. गोष्टीत मुरलेला धडा मुलांना आवडतो आणि लक्षातही राहतो, याला प्रयोगाचाही आधार मिळाला.

गोष्ट कोणाच्या नजरेतून?

गोष्टीची ताकद एवढी मोठी, म्हणून तिची जबाबदारीही मोठी. 'ओरेगॉन ट्रेल'मध्ये मूल गाडीत बसते आणि गाडीतून जग पाहते. ज्या जमिनीवरून ती गाडी जात होती, तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या मूळ अमेरिकन जमातींची बाजू मात्र गाडीतून दिसत नाही. त्यांच्यासाठी हा प्रवास साहसाचा नव्हता, जमीन हातची जाण्याचा होता. रोजनिशा वाचल्यावर रॉविचला आढळले होते की या लोकांनी प्रवाशांना अनेकदा मदतच केली. त्याने खेळात तसे बदल केले. पुढे २०२१ मध्ये नवी आवृत्ती निघाली, तेव्हा मूळ अमेरिकन समाजातील इतिहासकारांचा सल्ला घेण्यात आला आणि त्या समाजाची पात्रे घेऊन खेळण्याची सोय झाली.

पाठ्यपुस्तकातले वाक्य मूल विसरू शकते. पण जी भूमिका त्याने स्वतः तासन्‌तास जगली, ती त्याला सत्य वाटू लागते. म्हणून खेळ संपल्यावर 'त्या दुसऱ्या बाजूच्या माणसांना काय वाटले असेल?' एवढा प्रश्न घरात कोणीतरी विचारायला हवा. तो कॉम्प्युटर विचारीलच, याची खात्री नाही.

पालकांनी काय पाहावे?

फ्लॉपी आणि सीडीचे दिवस गेले, मुलांच्या हाती मोबाइल आणि टॅब्लेट आले. यांतले काही जुने खेळही त्यांवर पोहोचले आहेत. 'झूम्बिनीज'ची नवी आवृत्ती २०१५ मध्ये निघाली. परंतु आज शैक्षणिक म्हणवणारी ॲप्स इतकी आहेत की कोणते घ्यावे, असा प्रश्न आई-वडिलांना पडतो. जाहिरातीत सगळीच 'हसत-खेळत शिक्षण' देतात. निवड करताना पुढील गोष्टी पाहाव्यात:

* गोष्ट काढून पाहा. खेळातली गोष्ट मनातल्या मनात वजा करा. धडा तसाच उरत असेल, तर ती गोष्ट नुसते वेष्टन आहे. धडाही नाहीसा होत असेल, तर खेळ चांगला आहे असे समजावे.

* चुकल्यावर काय होते ते पाहा. नुसती लाल फुली आणि भोंगा वाजतो, की चुकीचा परिणाम दिसतो आणि पुन्हा करून पाहावेसे वाटते?

* बक्षीस कशाचे मिळते ते पाहा. नाणी, चांदण्या आणि रोज हजेरी लावल्याचे गुण यांच्यामागे मूल धावत असेल, तर ते शिकते आहे की नुसते गोळा करते आहे?

* नायक कोण आणि कोणाच्या वाटेवर चालतो ते पाहा. मुलीला आणि मुलालाही त्यात आपली जागा दिसते का?

* खेळ मुलाला पडद्याबाहेर नेतो का ते पाहा. कारमेनने मुलांना पुस्तक उघडायला लावले. नकाशा, शब्दकोश, आजोबांना विचारलेला एखादा प्रश्न, असे काही खेळातून निघत असेल तर उत्तमच.

यांतले बहुतेक खेळ इंग्रजीत आहेत. लहान मुलाला त्यातले बोलणे सगळे कळेलच असे नाही. म्हणून पहिल्या दोन-तीन वेळा शेजारी बसावे. तो काय म्हणाला, ती होडी का घाबरते, हे मराठीत सांगावे. उत्तर मात्र सांगू नये. मूल अडखळले तर 'तुला काय वाटते?' एवढेच विचारावे. उत्तर सापडल्यावर त्याच्या चेहऱ्यावर जो आनंद दिसतो, तो त्याच्या हक्काचा आहे. घाईने उत्तर सांगून मोठ्यांनी तो हिरावून घेऊ नये.

आणि खेळ संपला की मुलालाच गोष्ट सांगायला लावावी. काय हरवले होते, वाट कुठे अडली, ती कशी सुटली? 'मला पाचशे नाणी मिळाली' एवढेच ते सांगू शकले, तर दुसरा खेळ शोधावा. 'होडीला वाटत होते ती बुडेल, पण लाकूड तरंगते ना!' असे ते सांगू लागले, तर त्या खेळाने आपले काम चोख बजावले आहे.